जुन्या प्युजोची फिक्सी: उलटा जोर कोण पेलणार?

सायकल होती प्युजो यूओ-८. सत्तरच्या दशकातली, फ्रान्समध्ये बनलेली, दहा गिअरची, गराज सेलमधून चाळीस डॉलरला आलेली. गाव डेव्हिस, कॅलिफोर्निया. आणि सायकलवाली आमच्या ओळखीतलीच एक मुलगी, मूळ साताऱ्याकडची, इथल्या युनिव्हर्सिटीत शेतीतल्या विषयात पीएचडी करतेय. तिला या सायकलची फिक्सी करायची होती, म्हणजे गिअर सगळे काढायचे आणि मागे एकच कॉग (दातेरी चकती) थेट हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आवळून टाकायचा, मग चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवून नुसतं घरंगळत जायची सोय बंद. लहान पोरांच्या तीनचाकीला पुढच्या चाकालाच पायडल असतं बघा, तसंच, फक्त मधे चेन.

ही केस सविस्तर लिहितोय कारण बहुतेक ठिकाणी हे काम नुसतं काढाकाढीचं असल्यासारखं सांगतात. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा आणि ताणून धरणारा भाग) काढा, लिव्हर काढा, केबल ओढून टाका, चेन तोडून छोटी करा, झाली फिक्सी. मला हे पटत नाही. साध्या सायकलवर जोर एकाच दिशेनं जातो, पायाकडून चाकाकडे, आणि उलटं पायडल मारलं की फ्रीव्हील कटकट करत तो जोर सोडून देतं. फिक्सीत सोडून देणारं कोणी उरत नाही. वेग कमी करताना तुम्ही पाय मागं रेटता तो सगळा जोर क्रँकमधून (पायडलच्या दांड्यातून), चेनमधून, कॉगमधून, हबमधून, एक्सलच्या नटापर्यंत उलटा जातो, आणि ज्यांनी ही सायकल बनवली त्यांनी हा उलटा जोर हिशोबात धरलेलाच नव्हता. त्यामुळं मी प्रत्येक पार्ट हातात घेऊन एकच प्रश्न विचारतो, हा उलटा जोर पेलेल का? पेलत असेल तर कितीही जुना असू दे, ठेवायचा. नसेल तर कितीही चकचकीत असला तरी बाहेर. पुढचं सगळं या एका प्रश्नातूनच आलंय.

आता अमेरिकेतल्या गराजांमध्ये फ्रेंच सायकली एवढ्या का पडून असतात, तर १९७१ ते १९७४ या काळात इथं सायकलींची प्रचंड लाट आली होती, १९७३ मध्ये एका वर्षात दीड कोटीच्या आसपास सायकली विकल्या गेल्या. अमेरिकन कारखान्यांना तेवढ्या बनवणं शक्यच नव्हतं मग युरोपातून आणि जपानमधून जहाजं भरभरून आल्या, आणि त्यात या यूओ-८ सारख्या मधल्या किमतीच्या टेन-स्पीड खूप. लोकांनी हौसेनं घेतल्या, थोड्या चालवल्या, टांगून ठेवल्या. म्हणून आज पन्नास वर्षांची सायकल मिळते पण तिची फ्रेम जेमतेम वापरलेली असते.

आणि डेव्हिसबद्दल दोन वाक्यं, कारण फिक्सी कुठं चालवणार यावर अर्धे निर्णय ठरतात. गाव पूर्ण सपाट. अमेरिकेतली पहिली सायकल लेन इथं १९६७ साली आखली गेली, कॅम्पसमध्ये सायकलींसाठी गोल चौक आहेत आणि लेक्चर सुटल्यावर तिथं जी सायकलींची गर्दी उसळते ती बघण्यासारखी असते. हायवेवरचे ओव्हरपास सोडले तर चढ नाही. पूर्वेला सॅक्रामेंटो, मधे योलो कॉजवे, पाच किलोमीटरच्या आसपासचा लांबलचक पूल, त्याला हायवेलगतच सायकलींची वेगळी वाट आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी नैऋत्येकडून डेल्टा ब्रीझ सुटतो, म्हणजे सॅक्रामेंटोहून घरी परतताना वारा तोंडावर. हिला आठवड्यातून काही वेळा सॅक्रामेंटोला जायचं होतं, बाकी रोजचं कॅम्पस. हे लक्षात ठेवा, गिअर ठरवताना लागेल.

आधी फ्रेम बघितली. इथं घाई करू नये. पुढून कुठं धडकलीय का हे बघायला हेडट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) मागं, खालच्या नळीच्या खालून बोट फिरवायचं, धडक बसलेली असेल तर तिथं पेंट सुरकुतलेला किंवा नळी किंचित फुगलेली लागते. पुढच्या चाकाचा चिमटा बाजूनं बघायचा, मागं वाकलाय का. सीटपोस्ट हलतो का, की गंजून फ्रेममध्ये बसलाय. हिची फ्रेम सरळ निघाली, चिमटा सरळ, सीटपोस्टला थोडं तेल टाकून रात्रभर ठेवलं आणि निघाला. मागचं चाक जिथं बसतं त्या खाचा आडव्या होत्या, पुढं उघडणाऱ्या. हे फार महत्त्वाचं, कारण फिक्सीला चेन ताणायला डिरेलर नसतो, चाकच पुढंमागं सरकवून चेन ताणायची असते. खाचा उभ्या असतील, जशा नंतरच्या काळातल्या बहुतेक रोड बाइकना असतात, तर चाक सरकतच नाही, मग खास एक्सेंट्रिक हब घ्यावा लागतो, आणि अशी फ्रेम असेल तर मी सरळ दुसरी शोधा म्हणतो.

फ्रेम पास झाली, मग खरा वाद झाला मागच्या चाकावरून.

"दादा, आहे तेच चाक वापरू की. फ्रीव्हील काढायचं, त्याच आट्यांवर फिक्स्ड कॉग आवळायचा आणि वरून बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग. व्हिडिओत तर सगळे असंच करतायत."

"अगं करतायत, पण उलटं पायडल मारल्यावर त्या कॉगला धरून ठेवणारं तिथं काय आहे सांग बघू."

बॉटम ब्रॅकेट म्हणजे दोन क्रँकच्या मधला एक्सल आणि त्याचं बेअरिंग, लॉकरिंग म्हणजे वरून आवळून पार्ट सुटू न देणारी कडी. हे नीट समजून घ्या कारण जीवाशी खेळ इथंच होतो. कॉग उजव्या आट्यांवर (घड्याळाच्या दिशेनं आवळतात त्या) बसतो, पुढं पायडल मारलं की आणखी आवळला जातो, आणि पाय मागं रेटले की सैल व्हायला बघतो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबला आट्यांचे दोन टप्पे असतात, आतला मोठा कॉगसाठी, बाहेरचा जरा लहान लॉकरिंगसाठी, आणि लॉकरिंगचे आटे डावे. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला सोबत ओढतो, पण त्या दिशेला लॉकरिंग उलट आवळली जाते, म्हणजे सुटणाऱ्याला सुटूच देत नाही. जुन्या फ्रीव्हीलच्या हबला हा दुसरा टप्पाच नाही. त्यावर बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग बसते ती उजव्याच आट्यांवर, कॉग सुटला की दोघं मिळून सुटतात. अमेरिकेत या जुगाडाला सुइसाइड हब म्हणतात. सपाट गावात, हलक्या पायानं, पुढचा ब्रेक असताना तो कित्येक दिवस चालेलही, पण ज्या क्षणी समोर गाडी आडवी येते आणि जीव खाऊन पाय मागं रेटले जातात नेमका त्याच क्षणी तो सुटणार, कारण सर्वात मोठा उलटा जोर तेव्हाच येतो.

आणि या सायकलीत तर त्याहून वर एक गोची होती. हबचे आटे फ्रेंच. फ्रेंच फ्रीव्हीलचे आटे ३४.७ मिलिमीटर व्यासाचे आणि दर आट्याला १ मिलिमीटर, आणि बाजारात मिळणारे कॉग इंग्लिश मापाचे, १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिलिमीटर, इंचाला २४ आटे, म्हणजे दर आट्याला १.०६ च्या आसपास. फरक एवढासा की कॉग सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, एकदोन फेरे जातो, मग घट्ट होतो, माणसाला वाटतं अरे वा चांगला आवळला, आणि प्रत्यक्षात हबचे ॲल्युमिनियमचे आटे कापले जात असतात. हे तिला कॉग हबवर धरून दाखवलं, आटे एकमेकांत बसत नाहीत हे उजेडात दिसतं, मग वाद संपला. चाकांचा नवा जोड घ्यायचा ठरला, ट्रॅक हबवाला, सव्वाशे-दीडशे डॉलरच्या घरात. चाळीस डॉलरच्या सायकलीला दीडशेची चाकं म्हटल्यावर विद्यार्थ्याचं तोंड कसं होतं ते समजू शकतो, पण पैसे घालायची जागा हीच आहे.

चाकं घेताना एक गोष्ट आपोआप जुळली. या जमान्यातल्या पाच-चकत्यांच्या सायकलींना मागच्या खाचांमधलं अंतर १२० मिलिमीटर असतं आणि ट्रॅक हबही १२० चाच असतो, त्यामुळं चाक जसंच्या तसं बसलं, फ्रेम फाकवायची वेळ आली नाही. सहा-सात चकत्यांच्या नंतरच्या फ्रेमा १२६ च्या, त्यानंतरच्या १३० च्या, तिथं वॉशर घालून एक्सल लांबवावा लागतो. पुढच्या चिमट्याची खाच मात्र नव्या एक्सलला किंचित अरुंद पडली, ती कानशीनं दोन्हीकडून अगदी सारखी घासून घेतली.

मूळ चाकं २७ इंची होती, रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३०. नवी ७००सी, व्यास ६२२. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे ब्रेकचे शूज ४ मिलिमीटर खाली उतरवायला लागणार. या सायकलीला माफाकचे रेसर मॉडेलचे सेंटर-पुल ब्रेक होते, त्यांच्या शूजना खालीवर सरकायला भरपूर जागा असते म्हणून काम सहज झालं, आखूड हाताचे ब्रेक असते तर नवीन घ्यावे लागले असते. पण दुसरी गोष्ट कमी लोक बघतात. जुना टायर ३२ मिलिमीटरचा, नवा २८ चा, म्हणजे आणखी ४ मिलिमीटर गेले, एकूण सायकल ८ मिलिमीटर जमिनीकडे आली. साध्या सायकलीवर काही बिघडत नाही, वळताना आतलं पायडल वर धरून आपण निघून जातो. फिक्सीत पायडल वर धरता येत नाही, ते फिरतच राहतं, आणि वळणात सायकल कललेली असताना खाली आलं की रस्त्याला घासतं, जोरात घासलं तर मागचं चाक उचललं जातं. कॅम्पसचे ते गोल चौक आठवा. म्हणून क्रँक १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे घ्यायचे ठरले, त्यातून ५ मिलिमीटर परत मिळाले.

पण क्रँक बदलायचे खरं कारण वेगळंच होतं, कॉटर. आपल्याकडं ज्यानं काळी सायकल वापरलीय त्याला कॉटर सांगायला नको, क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी ती पाचरीसारखी पिन, ढिली झाली की दर फेऱ्याला पायाखाली कट कट वाजतं. पाचर एका बाजूनं दाबून बसलेली असते आणि एकाच दिशेचा जोर असेल तर ती वर्षानुवर्षं नांदते. फिक्सीत जोर एकदा इकडून एकदा तिकडून येतो, पाचर दोन्हीकडं हलायला लागते, तिचा सपाट भाग झिजतो आणि मग एक्सलवरची खाचही झिजते. इंग्लंडात कॉटरवाल्या फिक्सी लोकांनी वर्षानुवर्षं चालवल्यात हे खरंय, नीट बसवलेला चांगल्या पोलादाचा कॉटर ते पेलतो. पण या फ्रेंच सायकलीचा कॉटर ९ मिलिमीटरचा, सर्रास मिळणारा ९.५ चा, शिवाय जुन्या क्रँकच्या पायडलचे आटेही फ्रेंच, १४ मिलिमीटरचे, म्हणजे पायडलही दुसरे बसणार नाहीत. एवढ्या सगळ्या अडचणी एका क्रँकपायी कशाला ओढवून घ्यायच्या?

कॉटर काढताना मात्र हातोडी वापरू नका. आधार न देता ठोकलं की ठोका छर्‍यांवर बसतो, कपात (छरे बसतात त्या वाटीत) खड्डे पडतात, आणि बऱ्याचदा कॉटर निघायच्या ऐवजी त्याचं डोकंच चेपतं. इथल्या सार्वजनिक वर्कशॉपमध्ये कॉटर दाबून काढायचा प्रेस आहे (तिथं हत्यारं त्यांची, मेहनत आपली), त्यानं दोन्ही निघाले, एक जरा कुरकुरत. कप काढताना तिथल्या एका पोरानं सवयीनं चेनकडचा कप घड्याळाच्या दिशेनं फिरवायला घेतला, त्याला थांबवलं. इंग्लिश सायकलीत चेनकडचे आटे डावे असतात म्हणून तसा सुटतो, पण फ्रेंचमध्ये दोन्हीकडं उजवे, ३५ मिलिमीटरचे, त्यामुळं तिथं घड्याळाच्या उलटच फिरवायला लागतं, नाहीतर तुम्ही गच्च कप आणखी गच्च करत बसता. इंग्लिशवाल्यांनी डावे आटे उगाच नाही दिले, एक्सल फिरताना तो कप थोडाथोडा सुटायच्या दिशेनं ढकलला जातो आणि डाव्या आट्यांमुळं तो सुटत नाही. म्हणजे फ्रेंच पद्धतीत हा कप मुळातच सैल व्हायच्या स्वभावाचा. इथं थ्रेडलेस बॉटम ब्रॅकेट घातलं, त्यात दोन्ही बाजूंनी निमुळत्या बाह्या आत येऊन नळीला आतून पकडतात, आट्यांचा संबंधच येत नाही, कुठल्याही देशाचे असोत.

आता चेनलाइन. पुढची चेनरिंग (क्रँकवरची मोठी दातेरी चकती) आणि मागचा कॉग एका सरळ रेषेत आहेत का, एवढंच. गिअरच्या सायकलीत चेन तिरकी चालतेच, डिरेलर तिला सांभाळून घेतो. इथं सांभाळणारं कोणी नाही, चेन वाकडी असेल तर आवाज करते, झिजते, आणि एखाद्या दिवशी उतरते. फिक्सीत चेन उतरणं म्हणजे नुसतं हात काळे होणं नसतं, ती कॉग आणि तारांच्या मधे अडकली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. मोजायची रीत सोपी आहे. मागं, दोन लॉकनटांमधलं अंतर १२० त्याचं निम्मं ६०, त्यातून चेनकडच्या लॉकनटापासून कॉगच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा, आमचं १८ आलं, म्हणजे ४२. ट्रॅक हबला हा आकडा साधारण ४२ च असतो. पुढं, सीटट्यूबच्या पृष्ठभागापासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात सीटट्यूबच्या व्यासाचं निम्मं मिळवा. फ्रेंच नळी २८ मिलिमीटरची म्हणून १४ मिळवायचे, इंग्लिश असती तर १४.३. आमचं पहिल्यांदा साडेत्रेचाळीस आलं, दीड मिलिमीटर बाहेर. थ्रेडलेसचा इथं फायदा झाला, बाह्या सैल करून सगळं बॉटम ब्रॅकेट दीड मिलिमीटर डावीकडं सरकवलं आणि परत आवळलं. तिला विचारलं, दिसतंय का सरळ? ती मागून एक डोळा मिटून चेनवरून बघत होती, म्हणाली एकदम दोरी लावल्यासारखं.

गिअर किती ठेवायचा यावर प्रत्येकाचं मत असतं आणि तरुण पोरं बहुतेक जड ठेवतात, कारण जड गिअर वेगवान दिसतो. पुढं ४२ दात पक्के होते, मागं १६, १७ की १८ एवढाच प्रश्न. २८ च्या टायरवर चाकाचा एक फेरा २.१३६ मीटरचा धरतात. ४२ ला १६ लावले तर मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत ताशी ३० किलोमीटर, १७ ला साडेअठ्ठावीस, १८ ला सत्तावीसला जरा कमी. तिला १६ हवे होते. मी १७ वर अडून बसलो आणि कारण तेच, उलटा जोर. जड गिअर नुसता पुढं मारायलाच जड नसतो, मागं रेटायलाही जड असतो, थांबवताना गुडघ्यावर येतो तो ताण हलक्या गिअरमध्ये कमी असतो. वर डेल्टा ब्रीझ आहेच. हलक्याचा तोटा ओव्हरपासच्या उतारावर कळतो, १७ वर ताशी ४० ला पोचलात तर पाय मिनिटाला सव्वाशे फेरे फिरतायत, सवय नसेल तर माणूस खोगिरावर उडायला लागतो. त्याला उपाय एकच, उतारावर ब्रेक लावून यायचं.

कॉग बसवताना आट्यांना ग्रीस लावलं, चेनव्हिपनं (चेनचा तुकडा लावलेल्या पान्यानं) जोर लावून आवळला, लॉकरिंग हुक पान्यानं, आणि मग एक काम जे लोक गाळतात: पुढचा ब्रेक वापरत, पाय अजिबात मागं न रेटता, ओव्हरपासच्या चढावर उभं राहून जोरात चालवून आणली. त्या चढाईनं कॉग हातानं आवळता येतो त्याच्या कितीतरी पुढं आवळला जातो, आणि मग लॉकरिंग परत फिरवून बघितली तर ती पाव फेरा आणखी गेली. तो पाव फेरा राहिला असता तर कॉगला तेवढी हलायला जागा होती.

चेनचा ताण. फार घट्ट केली तर बेअरिंग खाते, सैल ठेवली तर उतरते. मधोमध बोटानं दाबून एक सेंटिमीटरच्या आसपास खालीवर झाली की बरोबर. पण चेनरिंग कधीच पूर्ण गोल बसलेली नसते, त्यामुळं क्रँक हळूहळू फिरवत सर्वात घट्ट जागा शोधायची आणि ताण तिथं बघायचा. हे करताना, आणि पुढं कधीही चेन पुसताना, चाक फिरतं ठेवून फडकं चेनवर धरू नका. एकदम कळकळीनं सांगतोय. साध्या सायकलीत बोट चेनरिंगमध्ये गेलं तर चेन थांबते, फिक्सीत फिरत्या चाकाचा सगळा वेग क्रँकला ओढत राहतो आणि बोट कापलं जातं. चाक थांबवून, थोडं फिरवून, थांबवून पुसायचं. बुटाची नाडी, ओढणी, सलवारीचा पायचा, सगळं बांधून.

मागच्या एक्सलला क्विक रिलीज नाही, नट. खाचा पुढं उघडणाऱ्या आहेत आणि चेनचा ओढा चाकाला पुढंच ओढतो, त्यामुळं पकड दातेरी वॉशरच्या नटाचीच हवी. १५ चा पाना सायकलीसोबत कायम, पंक्चर झालं तर त्याशिवाय चाक निघणार नाही.

ब्रेकबद्दल इथले काही लोक वाद घालतात. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात, कलम २१२०१ मध्ये, सायकलीला असा ब्रेक हवा म्हटलंय की कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर ब्रेक लावलेलं चाक घसरलं पाहिजे. मग पायांनी मागचं चाक घसरवता येतं, म्हणजे पाय हाच ब्रेक, असा युक्तिवाद. कायद्याचं जाऊ दे. थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं, हलक्या चाकाची पकड कमी, म्हणून नुसत्या मागच्या चाकानं थांबायला पुढच्या ब्रेकच्या दुप्पट अंतर सहज लागतं. पाय कितीही दणकट असले तरी. आणि चेन तुटली किंवा उतरली तर तेही नाही. पुढचा ब्रेक काढणाऱ्याला मी मदत करत नाही. हिच्या सायकलीवर दोन्ही ठेवले, कारण तिला रोज चालवायचीय आणि हिवाळ्यात इथं सकाळी टुले फॉग पडतं, दाट धुकं, समोरचं माणूस दिसत नाही. पूर्वीच्या क्रोम केलेल्या पोलादी रिमवर पाण्यात ब्रेक नुसते घसरायचे, नव्या ॲल्युमिनियमच्या रिमवर पकडतात, चाकांच्या पैशांतला हा दुसरा वसूल.

आणि एक बारीक गोष्ट जी आपल्या लोकांना लागू आहे. अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडं उजव्या. साताऱ्यात लहानपणापासून उजव्या हातानं पुढचा ब्रेक लावलेली मुलगी, घाबरल्यावर उजवाच हात दाबणार. केबल नवीन टाकायच्याच होत्या तर पुढचा उजव्या लिव्हरला जोडून टाकला. दुसऱ्या कोणाला सायकल दिली तर सांगायचं, एवढंच.

चाक फ्लिप-फ्लॉप हबचं होतं, एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील बसतं. आधी काही दिवस तिला फ्रीव्हीलच्या बाजूनं चालवायला लावली, म्हणजे नवे ब्रेक, नवा बॉटम ब्रॅकेट, नवी उंची यांची सवय होऊ दे, सगळं एकदम नको. मग चाक उलटं करून रिकाम्या पार्किंगमध्ये. सर्वांचं होतं तेच तिचं झालं, खड्डा किंवा वळण आलं की पाय आपोआप थांबायला बघतात आणि सायकल खालून ढकलते. पायडलला टो-क्लिप आणि पट्टे लावलेले होते, कारण पाय एकदा पायडलवरून सुटला तर फिरतं पायडल नडगीवर बसतं आणि पाय परत ठेवणं अवघड. वेग कमी करायला पाय एकदम रेटू नको, आधी नुसता जोर काढून घे, मग हलका दाब, आणि थांबायला ब्रेक, असं सांगितलं. स्किड मारायला (पाय रोखून मागचं चाक घसरवायला) शिकवलं नाही, तिनंही मागितलं नाही.

काही आठवड्यांनी सायकल परत बघितली. लॉकरिंग जागेवर, कॉग जागेवर. चेन थोडी सैल झालेली, नवीन चेनला होतंच, चाक किंचित मागं घेतलं. मागच्या चाकाला थोडा आउट (डगडग) आला होता तो काढला, मशीननं बांधलेल्या चाकाच्या तारा सुरुवातीला बसतात आणि उलटसुलट जोरानं जरा लवकर बसतात. क्रँकचे बोल्ट परत आवळले. आणि ती म्हणाली, "दादा, वाऱ्यात परत येताना उजवा गुडघा दुखतो."

कॉजवेवरचा वारा. १७ सुद्धा त्या दिवशी जड पडत होते, गिअर एकच असल्यावर वारा कमी होईपर्यंत उभं राहून रेटणं एवढाच पर्याय उरतो आणि गुडघा ते सांगतो. दोन उपाय होते, सॅक्रामेंटोच्या दिवशी चाक उलटं करून फ्रीव्हीलवर हलका गिअर लावायचा, किंवा फिक्स्डच १८ करायचा. तिला चाक उलटंपालटं करायचा कंटाळा, शिवाय आता फिक्स्डची गोडी लागली होती, त्यामुळं १८. एक दात वाढला की एक्सल साधारण ३ मिलिमीटर पुढं येतो, खाच पुरेशी लांब होती आणि आम्ही सुरुवातीला चेनची लांबी अशी ठेवली होती की एक्सल खाचेच्या मधोमध बसेल, म्हणून चेन तोडावी-जोडावी लागली नाही. स्किड मारणाऱ्यांनी एक हिशोब बघावा, ४२ आणि १७ दोन्हींना भाग जाणारा आकडा नाही म्हणून टायर १७ वेगवेगळ्या जागी घासतो, ४२ ला १८ म्हणजे ७ ला ३, टायर तीनच जागी घासून लवकर फाटतो. तिला त्याचा फरक पडत नव्हता. गुडघा थांबला.

हे बघून गावाकडून तिच्या चुलतभावानं फोनवर विचारलं, आजोबांची काळी सायकल पडलीय, तिची करू का. त्याला सांगितलं की फ्रेम मजबूत आहे, मागच्या खाचाही मागं उघडणाऱ्या म्हणजे चेन ताणायला उत्तम, पण हब फ्रीव्हीलचा, लॉकरिंगचा टप्पा नाही, आणि क्रँक कॉटरचा. दोन्ही बदलायची तयारी असेल तर कर, नसेल तर एका चकतीचं फ्रीव्हील आहे तेच ठेव, कॉटर नवे घाल, ब्रेकचे रॉड नीट कर, छान चालेल. यवतेश्वरच्या उतारावर तर फिक्सी नकोच.

प्युजोवर शेवटचं काम निघालं ते मागच्या ब्रेकचं. एक्सल ३ मिलिमीटर पुढं आल्यानं रिम ब्रेकच्या शूजपासून जरा सरकली, शूजची वरची कड टायरला लागायच्या बेतात होती. कॉग बदललात की मागचे शूज परत बसवून घ्या, चाक फिरवून दोन्ही बाजूंनी बघून मगच नट शेवटचा आवळा.